बंगालमधील क्रांतिचळवळ आणि महाविद्यालयीन विद्यार्थिनी (१९२३–१९३४)

१

राजकीय चळवळींकडे तरुण वर्ग का आकृष्ट होतो, या प्रश्नाचा ऊहापोह इतिहासकारांनी अनेक अंगांनी केलेला आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या तरुण स्त्रियांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न बहुधा दोन ठरीव उत्तरांनी निकालात काढला जातो. पहिले उत्तर सत्ताधाऱ्यांचे. त्यांच्या मते भावनाप्रधान मुलींना धूर्त पुरुषांनी भुलविले व हत्यार म्हणून वापरले. दुसरे उत्तर भाविक चरित्रकारांचे. त्यांच्या लेखी या मुली म्हणजे देशासाठी अवतरलेली मूर्तिमंत शक्ती होत. एका उत्तरात निंदा आहे, दुसऱ्यात स्तुती. तथापि दोहोंत एक गोष्ट समान आहे. ज्या मुलीने निर्णय घेतला, तिचा निर्णय दोन्ही उत्तरांत नाहीसा होतो. भुलविलेल्या मुलीला निर्णय नसतो, आणि देवतेला तो घ्यावा लागत नाही.

या दोन्ही उत्तरांची परीक्षा करण्यास १९२३ ते १९३४ या कालखंडातील बंगालचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. या एका तपात ढाका, कलकत्ता व चितगाव येथील विद्यार्थिनी प्रथम उघड संघटनांत, मग गुप्त मंडळांत आणि अखेर प्रत्यक्ष सशस्त्र कृतीत शिरल्या. त्यांतील काहींनी पुढे आपले अनुभव स्वतः लिहून ठेवले. कल्पना दत्त यांच्या चितगावच्या आठवणी १९४५ मध्ये, बीना दास यांचे ‘शृंखल झंकार’ १९४८ मध्ये आणि कमला दासगुप्त यांचे ‘रक्तेर अक्षरे’ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. घटनांनंतर दहा-वीस वर्षांनी लिहिलेल्या आठवणींत उत्तरकालीन मतांचा रंग मिसळणे अपरिहार्य असते, हे ध्यानात ठेवूनच त्यांचा उपयोग केला पाहिजे. तरीही मोठमोठ्या तत्त्वांच्या आड सहसा दडून राहणाऱ्या लहानसहान गोष्टी या लेखनात जागोजाग आढळतात, आणि चळवळीच्या आवाहनाचे खरे स्वरूप त्या गोष्टींतूनच उलगडते.

२

प्रथम भूमी पाहू गेल्यास असे दिसते की, बंगालमध्ये स्त्रियांच्या उच्च शिक्षणाला त्या काळी जवळजवळ अर्धे शतक लोटले होते. बेथून यांनी १८४९ मध्ये स्थापिलेल्या कन्याशाळेतून कलकत्त्याचे बेथून कॉलेज उदयास आले. कादंबिनी बसू व चंद्रमुखी बसू या १८८३ मध्ये पदवीधर झाल्या. ढाका विद्यापीठ १९२१ मध्ये सुरू झाले व लीला नाग यांनी तेथून १९२३ मध्ये इंग्रजी विषयात एम. ए. ची पदवी मिळविली. म्हणजे पदवीधर स्त्री हा आता चमत्कार राहिला नव्हता. मात्र पदवी घेतल्यानंतर तिने काय करावे, याचे उत्तर समाजाकडे नव्हते. शिक्षिकेची नोकरी अथवा विवाह, एवढ्या दोनच वाटा बहुतेकींना मोकळ्या होत्या. सार्वजनिक जीवनात तिला स्थान होते ते स्वागतगीत गाण्यापुरते व वर्गणी गोळा करण्यापुरते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट वसतिगृहाची. मुफसल भागातून आलेली मुलगी कलकत्त्यास वसतिगृहात राहू लागली, की ती आयुष्यात प्रथमच वडीलधाऱ्यांच्या नित्य देखरेखीबाहेर आणि समवयस्क मैत्रिणींच्या नित्य सहवासात येई. वसतिगृहाचे नियम कडक असत, भेटीगाठींवर नजर असे. परंतु दिवे मालवल्यानंतर चालणाऱ्या चर्चेवर नजर ठेवणे कोणालाच शक्य नव्हते. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांची ‘पथेर दाबी’ ही कादंबरी १९२६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली व लवकरच सरकारजमा झाली. तिच्यातील गुप्त मंडळाची अध्यक्षा सुमित्रा ही एक स्त्री आहे. बंदी आलेले पुस्तक एका उशीखालून दुसऱ्या उशीखाली जाण्यास वसतिगृहासारखे सोयीचे ठिकाण दुसरे नव्हते.

३

या भूमीवर प्रथम उघड संघटना उभ्या राहिल्या. लीला नाग यांनी १९२३ मध्ये ढाक्यास दीपाली संघ स्थापन केला. मुलींच्या शाळा, प्रौढ स्त्रियांचे शिक्षण, हस्तव्यवसाय व व्यायाम हे त्याचे प्रकट कार्य होते. विद्यार्थिनींसाठी त्याची स्वतंत्र शाखाही पुढे निघाली. कलकत्त्यास १९२८ मध्ये छात्री संघ, म्हणजे विद्यार्थिनींचा संघ, स्थापन झाला. सुरमा मित्र त्याच्या अध्यक्षा व कल्याणी दास चिटणीस होत्या. कल्याणी यांचे वडील बेनीमाधव दास हे सुभाषचंद्र बसूंचे कटक येथील शिक्षक. त्यांची धाकटी कन्या बीना हीही संघात आली. अभ्यासमंडळ, ग्रंथालय, सहकारी भांडार, प्रथमोपचार, पोहणे, सायकल चालविणे व लाठी असा संघाचा कार्यक्रम होता. लाठी शिकविण्यास येणारे दिनेश मजुमदार हे ‘युगांतर’ या क्रांतिमंडळाचे सभासद होते.

या कार्यक्रमाच्या यादीकडे अभ्यासकांचे सहसा दुर्लक्ष होते. ‘वरवरचे कार्य’ म्हणून ती बाजूस सारली जाते. वास्तविक आवाहनाचे मर्म या यादीतच आहे. सायकल चालविणारी मुलगी कोणाच्या सोबतीवाचून शहरभर फिरू शकते. भांडाराचा हिशेब ठेवणारी मुलगी पैशाचा व्यवहार करते आणि त्याबद्दल इतरांना जबाबदार राहते. लाठी फिरविणारी मुलगी रस्त्यावर भीत नाही. संघाने विद्यार्थिनींना प्रथम एखादे मत दिले नाही; त्याने त्यांना प्रथम कामे दिली, आणि कामातून स्वतःच्या शरीराविषयी व बुद्धीविषयी विश्वास दिला. मत मागाहून आले.

याच १९२८ मध्ये दोन प्रसंग घडले. फेब्रुवारीत सायमन कमिशनविरुद्ध हरताळ पडला तेव्हा बेथून कॉलेजच्या विद्यार्थिनींनी वर्गावर बहिष्कार घातला. त्यांनी माफी मागावी असा आग्रह प्राचार्यांनी धरला. विद्यार्थिनींनी तो मानला नाही, आणि अखेर माघार कॉलेजच्या चालकांनाच घ्यावी लागली. डिसेंबरात कलकत्त्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यासाठी सुभाषचंद्रांनी उभारलेल्या स्वयंसेवक दलात लतिका घोष यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचे पथक होते व त्यात महाविद्यालयीन मुलींचा भरणा होता. पुरुष स्वयंसेवकांचा वेष लष्करी होता. स्त्रियांच्या पथकाने मात्र साडी सोडली नाही, आणि शिस्तीने पावले टाकीत संचलन केले. ही तडजोड साधी दिसली तरी अर्थपूर्ण होती. कुळाची मर्यादा न मोडता मुलगी रस्त्यावर रांगेत चालू शकते, हे हजारो लोकांनी त्या दिवशी पाहिले. त्यांत अशा मुलींचे पालकही होते.

४

उघड कार्यातून गुप्त मंडळात जाण्याची वाट मात्र सरळ नव्हती. याविषयी कमला दासगुप्त यांचे उदाहरण बोधप्रद आहे. कलकत्ता विद्यापीठात इतिहासाच्या एम. ए. चा अभ्यास करीत असताना त्यांचे मन प्रथम गांधींकडे ओढले गेले. साबरमती आश्रमात येण्याची इच्छा त्यांनी पत्राने कळविली. मातापित्यांची अनुमती मिळवावी, असे उत्तर आले. अनुमती मिळाली नाही. पुढे छात्री संघात लाठी शिकताना दिनेश मजुमदारांशी परिचय झाला व त्या युगांतर मंडळात आल्या. १९३० मध्ये त्यांनी घर सोडून गरजू स्त्रियांच्या एका वसतिगृहाच्या व्यवस्थापिकेचे काम पत्करले. त्याच वसतिगृहात बाँबचे साहित्य दडविले जाऊ लागले.

यावरून गांधींची चळवळ मवाळ व क्रांतिकारकांची जहाल, म्हणून तरुणी जहाल बाजूस गेल्या, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. १९३० च्या सत्याग्रहात स्त्रिया फार मोठ्या संख्येने उतरल्या, आणि त्यांत विद्यार्थिनीही होत्या. फरक वेगळ्या ठिकाणी आहे. सत्याग्रहाचे आवाहन स्त्रीला कुटुंबासह स्वीकारीत होते. म्हणून ते अधिक व्यापक ठरले, आणि म्हणूनच कुटुंबाची संमती ही त्याची एक अट झाली. गुप्त मंडळ कुटुंबाला विचारीत नव्हते. ज्या मुलीचा घराशी संघर्ष नव्हता, तिला पहिली वाट पुरेशी होती. जिला घराने अडविले, तिला विचारणारे दुसरे दार एकच होते.

गुप्त मंडळात पुरुषांनी स्त्रियांना ओढून नेले, या समजालाही पुराव्याचा आधार बेताचाच मिळतो. चितगावचे नेते सूर्य सेन यांच्या मंडळात आरंभी स्त्रियांना प्रवेश नव्हता. प्रीतिलता वड्डेदार व कल्पना दत्त या दोघी चितगावच्या खास्तगीर कन्याशाळेतील सोबतिणी. शाळेत गर्ल गाइडचे शिक्षण घेताना परमेश्वर व सम्राट यांच्याशी एकनिष्ठ राहण्याच्या शपथेत सम्राटाऐवजी देशाचे नाव असावे, असे त्यांना वाटे, ही आठवण कल्पना दत्त यांनी नोंदविली आहे. प्रीतिलता पुढे ढाक्याच्या ईडन कॉलेजात गेल्या व दीपाली संघाच्या संपर्कात आल्या. नंतर दोघीही बेथून कॉलेजात आल्या. चांदपूर येथील हत्येबद्दल फाशीची शिक्षा झालेले रामकृष्ण विश्वास अलीपूरच्या तुरुंगात होते. नातलग असल्याचे भासवून प्रीतिलता यांनी त्यांची सुमारे चाळीस वेळा भेट घेतली. १९३१ च्या ऑगस्टमध्ये त्यांना फाशी झाली. सूर्य सेन यांची प्रत्यक्ष भेट मात्र प्रीतिलता यांना १९३२ च्या जूनपर्यंत मिळाली नाही. तोवर पदवी परीक्षा देऊन त्या चितगावात एका कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या होत्या. भुलविल्या गेलेल्या व्यक्तीला दारापाशी एवढी वाट पाहावी लागत नाही.

५

तेव्हा आवाहनाचे घटक कोणते होते, याचा विचार केला पाहिजे. स्थूलमानाने ते तीन सांगता येतील.

पहिला घटक मैत्रीचा. एका मुलीला मंडळात आणणारी व्यक्ती बहुधा दुसरी मुलगीच असे. बहीण बहिणीला, वरच्या वर्गातील विद्यार्थिनी खालच्या वर्गातील विद्यार्थिनीला, सोबतीण सोबतिणीला पुस्तक देई, व पुस्तकामागून काम येई. कोमिल्ल्याच्या फैजुन्निसा कन्याशाळेतील शांती घोष व सुनीती चौधरी यांना प्रफुल्लनलिनी ब्रह्म या त्यांच्याच शाळेतील मुलीने चळवळीत आणले. सभांतील व्याख्यानांपेक्षा ही साखळी अधिक बळकट होती.

दुसरा घटक नात्याचा. क्रांतिमंडळांतील पुरुषांना ‘दादा’ म्हणत. सूर्य सेन हे सर्वांचे ‘मास्टरदा’ होते. ब्रह्मचर्याचा दंडक कडक होता. परपुरुषाशी बोलणे हाच जेथे दोष मानला जाई, तेथे भावाबहिणीच्या नात्याने एकत्र काम करण्यास एक मान्य भाषा मिळाली. या भाषेने संरक्षण दिले, तसेच बंधनही घातले. बहिणीने निरोप पोचवावा, पिस्तूल दडवावे, फरारी भावाला आश्रय द्यावा. लढावे मात्र भावाने. स्त्रीची झडती घेण्यास पोलीस कचरत, हा लाभ तर उघडच होता, आणि नेत्यांच्या मनात तो नव्हता असे म्हणता येणार नाही. रवींद्रनाथांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘चार अध्याय’ या कादंबरीत या वापरावरच बोट ठेवले. तिच्यातील नेता एला या सुशिक्षित तरुणीच्या आकर्षणाचा उपयोग तरुणांना मंडळात ओढण्यासाठी करतो. रवींद्रनाथांची शंका निराधार नव्हती. परंतु एला हे एका कवीने पाहिलेले चित्र आहे. प्रत्यक्षातील विद्यार्थिनींनी आपल्या लेखनात नोंदविलेली तक्रार निराळी आहे. आपला वापर झाला अशी ती नसून आपल्याला पुरेसे काम दिले गेले नाही अशी आहे.

तिसरा व सर्वांत प्रभावी घटक विश्वासाचा. घराने ज्या मुलीवर स्वतःचा विवाह ठरविण्याइतकाही विश्वास टाकला नव्हता, तिच्या हाती मंडळाने दुसऱ्याचे प्राण ज्यावर अवलंबून आहेत असे गुपित दिले. कल्पना दत्त या बेथून कॉलेजात विज्ञान शिकत होत्या. त्या ज्ञानाचा उपयोग स्फोटक द्रव्ये तयार करण्यास झाला. जे शिक्षण पदवीच्या कागदापाशी थांबत होते, ते येथे उपयोगी पडत होते. पगार, प्रतिष्ठा व सुरक्षितता यांपैकी काहीच चळवळ देऊ शकत नव्हती. तिने विश्वास दिला, आणि तो इतरत्र कोठेही मिळत नव्हता.

६

विश्वास एकदा दिल्यावर त्याची मर्यादा देणाऱ्याला ठरविता येत नाही. १९३१ च्या अखेरीस मर्यादा मोडली. १४ डिसेंबर १९३१ रोजी शांती व सुनीती यांनी कोमिल्ल्याचे मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्स यांना त्यांच्या बंगल्यात गोळ्या घालून ठार केले. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास यांनी गव्हर्नर स्टॅनली जॅक्सन यांच्यावर पाच गोळ्या झाडल्या. गव्हर्नर बचावले, कुलगुरू हसन सुऱ्हावर्दी यांनी बीना यांना पकडले. त्यांना नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. पिस्तूल मिळवून देणाऱ्या कमला दासगुप्त होत्या. म्हणजे या प्रसंगी निश्चय करणारी व साधन पुरविणारी, दोघीही स्त्रियाच होत्या.

न्यायाधिकरणापुढे बीना दास यांनी दिलेल्या निवेदनात गव्हर्नरांविषयी वैयक्तिक वैर नसल्याचे सांगून, ज्या राज्यव्यवस्थेचे ते प्रतिनिधी होते तिच्याविरुद्ध आपली कृती होती असे म्हटले आहे. २४ सप्टेंबर १९३२ च्या रात्री पहाडतळी येथील युरोपीय क्लबवर हल्ला झाला. कल्पना दत्त आठवडाभर आधी पुरुषवेषात पकडल्या गेल्या होत्या. हल्ल्याचे नेतृत्व प्रीतिलता यांनी केले. त्यात एक युरोपीय महिला मृत्युमुखी पडली व अनेक जण जखमी झाले. जखमी प्रीतिलता यांनी विष घेतले. त्यांच्याजवळ सापडलेल्या निवेदनात, देशाच्या लढ्यात बंधू व भगिनी असा भेद का असावा, हा प्रश्न केलेला आहे. हा प्रश्न इंग्रजांना विचारलेला नाही. तो चळवळीतील बंधूंना विचारलेला आहे. नात्याच्या ज्या भाषेने त्यांना आत घेतले, तिच्याच आधारे त्यांनी समान वाट्याची मागणी केली.

७

या इतिहासाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. शांती व सुनीती या शाळकरी मुली होत्या. अल्पवयामुळेच त्यांना फाशीऐवजी जन्मठेप झाली. एम. ए. च्या विद्यार्थिनीने विचारांती घेतलेला निर्णय आणि पंधरा वर्षांच्या आसपासच्या मुलीने घेतलेला निर्णय यांना एकच माप लावता येत नाही. जो विश्वास पहिलीला मोकळे करतो, तोच दुसरीवर न पेलणारा भार ठरू शकतो. हा भेद त्या काळच्या मंडळांनी केला नाही, आणि त्यांचा गौरव करणाऱ्या चरित्रकारांनीही केला नाही.

तसेच ही मैत्रीची साखळी जेथे कॉलेज होते तेथेच पोचत होती, आणि कॉलेजात मुख्यतः भद्रलोक हिंदू कुटुंबांतील मुली होत्या. गीता, काली व मातृभूमी यांच्या भोवती गुंफलेली शपथांची भाषा मुसलमान विद्यार्थिनीला आपली वाटणे कठीण होते. पूर्व बंगालसारख्या मुसलमान बहुसंख्येच्या प्रदेशात ही उणीव लहान नव्हती. ज्या शाळेत शांती व सुनीती शिकल्या, ती नवाब फैजुन्निसा या मुसलमान स्त्रीने स्थापिलेली होती, ही गोष्ट या संदर्भात विसरता येत नाही.

सूर्य सेन यांना जानेवारी १९३४ मध्ये फाशी झाली व हा कालखंड संपल्यासारखा झाला. बीना दास, कल्पना दत्त, शांती घोष व सुनीती चौधरी १९३९ मध्ये सुटल्या. त्यानंतरची त्यांची आयुष्ये निरनिराळ्या वाटांनी गेली. कल्पना दत्त कम्युनिस्ट पक्षात गेल्या, बीना दास काँग्रेसच्या कार्यात राहिल्या व १९४२ च्या आंदोलनात पुन्हा तुरुंगात गेल्या, सुनीती चौधरी वैद्यकीचे शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. तत्त्वप्रणाली हेच आवाहनाचे मूळ असते, तर वाटा इतक्या फुटल्या नसत्या. समान होते ते एवढेच की, यांपैकी कोणीही जबाबदारीचे काम पुन्हा सोडले नाही. दरम्यान विद्यार्थिनींच्या संघटनेचे स्वरूपही पालटले. १९४३ च्या दुष्काळात महिला आत्मरक्षा समितीबरोबर अन्नछत्रे चालविणाऱ्या तरुणींचे कार्य गुप्त नव्हते, आणि ते भद्रलोकांच्या वस्तीपुरतेही राहिले नाही.

सारांश, या उदाहरणावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित परंतु स्पष्ट आहे. समाजाने विद्या दिली व जबाबदारी नाकारली, म्हणजे जी चळवळ प्रथम जबाबदारी देते तिच्याकडे सुशिक्षित तरुणी वळतात. चळवळीची तत्त्वे त्या मागाहून तपासतात व प्रसंगी बदलूनही घेतात. यामुळे चळवळीचे मूल्यमापन तिने तरुणींना काय सांगितले एवढ्यावरून करणे अपुरे ठरते. तिने त्यांच्या हाती काय सोपविले, कोणत्या वयात सोपविले, आणि त्यांनी वाटा मागितला तेव्हा काय केले, हे पाहावे लागते.

प्रीतिलता वड्डेदार व बीना दास यांच्या पदव्या तत्कालीन सरकारने रोखून ठेवल्या होत्या. कलकत्ता विद्यापीठाने त्या सन २०१२ मध्ये दिल्या. तेव्हा प्रीतिलता यांच्या मृत्यूला ऐंशी वर्षे होत आली होती, आणि बीना दासही १९८६ मध्ये निवर्तल्या होत्या. पदवी स्वीकारण्यास दोघींपैकी कोणीही हयात नव्हते.